हजेरीपटावरचा ताप

३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत महाराष्ट्रातल्या शाळांमध्ये शिकवण्यापेक्षा मोजणीच जास्त झाली. सरकारी पथके वर्गावर्गांत शिरली, समोर बसलेली पोरे मोजली आणि मोजलेल्या प्रत्येकाच्या बोटाला मतदानाच्या वेळी लावतात तशी शाई लावली. सकाळी एका शाळेत बसवलेले मूल दुपारी दुसऱ्या शाळेत उभे करता येऊ नये, हा त्यामागचा साधा हिशेब. पटपडताळणी म्हणून गाजलेल्या या मोहिमेचे मूळ नांदेडात होते. तिथले तेव्हाचे जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी आधी आपल्या जिल्ह्यातल्या शाळांची अशीच झडती घेतली. पटावरची पोरे आणि बाकावरची पोरे यांच्यातली तफावत इतकी निघाली, की राज्य सरकारला तोच प्रयोग सगळीकडे करावा लागला.

नांदेड जिल्ह्यातल्या कुठल्याही मुख्याध्यापकाशी मुलाच्या गैरहजेरीविषयी बोलायला जाणाऱ्या पालकाला हा इतिहास ठाऊक असलेला बरा. शाळेच्या लेखी हजेरी म्हणजे केवळ शिस्त नव्हे. पटावर किती मुले आहेत त्यावर किती शिक्षक राहणार हे ठरते. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीला ३० मुलांमागे एक आणि सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे एक शिक्षक, असे प्रमाण घालून दिले आहे. दरवर्षी ३० सप्टेंबरच्या पटावर संचमान्यता, म्हणजे शिक्षकांच्या पदांची मंजुरी, होते आणि चार-दोन नावे कमी पडली तर एखादे गुरुजी अतिरिक्त ठरतात. पोषण आहाराचा तांदूळ, गणवेश, पुस्तके हे सगळेही त्याच पटावरून निघते. त्यामुळे रिकाम्या बाकाकडे पाहताना शाळेच्या मनात आधी कागद येतो, पोराची तब्येत नंतर. यात दुष्टपणा नाही. झडतीच्या दिवशी बनावट नाव आणि तापाने घरी पडलेले खरे लेकरू, दोघांची जागा मोजणाऱ्याला सारखीच रिकामी दिसते. शाळा हे विसरलेली नाही.

अर्धापूर नांदेडहून हिंगोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे तालुक्याचे गाव. केळीमुळे त्याचे नाव राज्याबाहेर गेले, अलीकडे हळदीनेही हातभार लावला. तालुक्यातल्या मालेगाव, दाभड, येळेगाव अशा गावांत जिल्हा परिषदेच्या शाळा आहेत, संस्थांच्या अनुदानित शाळा आहेत आणि पिवळ्या बसने पोरे नेणाऱ्या इंग्रजी शाळाही आल्या आहेत. पालकांत बागायतदार आहेत आणि त्यांच्या बागेत रोजाने जाणारेही आहेत. ऊस कारखान्याचा हंगाम सुरू झाला की बाहेरून तोडणी कामगारांच्या टोळ्या उतरतात आणि त्यांची लेकरे कोप्यांमध्ये, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांत, राहतात. आजारपण या सगळ्यांच्या घरी येते. मात्र शाळेपर्यंत ते प्रत्येकाच्या घरून वेगवेगळ्या रीतीने पोचते. बागायतदार मोटारसायकलवर येऊन सरांना सांगून जातो. रोजंदारीवरची आई शेजारच्या पोराकडून निरोप धाडते, "सरला सांग, लेकराला ताप हाय, दोन दिस येत नाही ते." पोर निरोप विसरते. कॅटलॉगवर गैरहजेरीची खूण पडते.

कॅटलॉग म्हणजे वर्गाचे हजेरीपत्रक, मराठी शाळांतला रोजचा शब्द. त्यात हजर आणि गैरहजर अशा दोनच गोष्टी मांडता येतात. काही शिक्षक समोरच्या शेऱ्याच्या रकान्यात पेन्सिलने 'आजारी' असे लिहून ठेवतात; तो त्यांचा चांगुलपणा. इंग्लंडमधल्या शाळांत आजारपणाच्या गैरहजेरीला वेगळे अक्षरच नेमून दिलेले आहे. तिथे परवानगीशिवाय शाळा बुडवली तर पालकाला ८० पौंड दंड होऊ शकतो, पण खरोखरच्या आजारपणासाठी दंड करता येत नाही आणि दर वेळी डॉक्टरचा कागद मागू नये असेही शाळांना बजावलेले आहे. आपल्याकडच्या हजेरीत ही सोय नाही. डिसेंबर २०२३ पासून राज्यात मोबाइलवरच्या चॅटबॉटने रोजची हजेरी वर कळवण्याची पद्धत आली. आकडा वर जायला आता क्षणही लागत नाही, पण तो आकडा तापाचा की लग्नाचा हे वर कुणाला कळत नाही.

तापाची सबब मात्र कायद्याला जुनी ओळखीची आहे. इंग्लंडच्या १८७० च्या प्राथमिक शिक्षण कायद्याने मूल शाळेत न येण्याची जी मोजकी वाजवी कारणे मानली, त्यात आजारपण होते. आपल्याकडे राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, तेव्हा मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. तो काळ पाहता रुपया ही मजुराला चांगलीच जाणवणारी रक्कम होती. पुढे पाऊणशे वर्षांनी, १९९२ मध्ये, महाराष्ट्र सरकारने उलट्या दिशेने तोच रुपया वापरला. पहिली ते चौथीत शिकणाऱ्या मागास प्रवर्गातल्या गरीब मुलींना हजर असल्याच्या दिवसाला एक रुपया उपस्थिती भत्ता सुरू झाला. महिन्याचा दंड जाऊन दिवसाचे बक्षीस आले, ही प्रगतीच. पण मुलगी दहा दिवस टायफॉईडने पडली तर तिचे दहा रुपये गेले, आणि पैशांची गरज तर त्याच दहा दिवसांत जास्त.

१ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने पारडे फिरवले. सहा ते चौदा वयाच्या मुलाला शाळेत आणणे, टिकवणे आणि त्याचे शिक्षण पूर्ण करून घेणे ही आता सरकारची जबाबदारी आहे. पालकाचेही कर्तव्य कायद्यात लिहिले आहे, पण दंड ठेवलेला नाही. कलम १६ सांगते, की आठवी पूर्ण होईपर्यंत कुठल्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीला परीक्षा घेऊन मागे ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली, महाराष्ट्राने ती घेतली आणि नापास झालेल्यांसाठी पुनर्परीक्षाही ठेवली. पण काढून टाकण्यावरची बंदी जशीच्या तशी आहे. तेव्हा "फार खाडे झाले, नाव कमी करावे लागेल" असे चौथीतल्या मुलाच्या वडिलांना कुणी ऐकवले, तर त्या वाक्यात दम नाही. हा कायदा अल्पसंख्याक दर्जाच्या संस्थांना लागू नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये ठरवले होते. नांदेडसारख्या जिल्ह्यात अशा शाळा पुष्कळ असल्यामुळे आपली शाळा कुठल्या गटात मोडते हे आधी विचारून घ्यावे.

नाव काढता येत नाही, मात्र एक वेगळी खूण लागू शकते. महाराष्ट्रात सलग एक महिन्याहून अधिक काळ गैरहजर राहिलेले मूल 'शाळाबाह्य' धरतात. ४ जुलै २०१५ ला राज्यभर एकाच दिवशी शाळाबाह्य मुलांचा शोध घेतला गेला, पुढे २०२२ मध्ये 'मिशन झिरो ड्रॉपआऊट' झाले, २०१७ पासून बालरक्षक म्हणून काम करणारे शिक्षक अशा मुलांच्या घरी जातात. ही सगळी धडपड वीटभट्टीवर गेलेल्या, ऊसतोडीला गेलेल्या किंवा लग्न लावून दिलेल्या मुलांसाठी आहे. पण क्षयरोगाच्या उपचारावर महिना-दीड महिना घरी राहिलेले मूलही त्याच यादीत जाऊन बसू शकते. घरी आलेल्या बालरक्षकाला पाहून पालक घाबरतात, दार लावून घेतात. खरे तर या घडीला तोच माणूस सर्वांत उपयोगाचा असतो. यादीत नाव चढण्याआधी त्याच्या हातात केस पेपरची झेरॉक्स ठेवता आली तर पुढचे अर्धे काम संपते.

आता कागदाविषयी. शाळा आणि पालक यांच्यातली बहुतेक भांडणे आजारावरून होत नाहीत, कागद उशिरा आल्यावरून होतात. मूल वीस दिवसांनी शाळेत येते, सर 'मेडिकल' मागतात आणि वडील ओळखीच्या डॉक्टरकडून मागच्या तारखेचे सर्टिफिकेट आणायला जातात. डॉक्टरवर बंधने आहेत हे फारसे कुणाला माहीत नसते. डॉक्टरांच्या आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे दिलेल्या प्रमाणपत्रांची नोंदवही ठेवावी लागते, त्यावर रुग्णाची ओळखखूण आणि सही किंवा अंगठा घ्यावा लागतो आणि प्रत जपावी लागते. खोटे प्रमाणपत्र हे गैरवर्तन ठरते. म्हणजे जो डॉक्टर मागच्या तारखेला नकार देतो तो अडवणूक करत नसतो. त्याच नियमांत पालकाच्या फायद्याचीही गोष्ट आहे. रुग्णाच्या माणसांनी उपचाराचे कागद मागितले, तर ते ७२ तासांत द्यावे लागतात. खरोखर उपचार घेतले असतील तर त्यांची नोंद दवाखान्यात असतेच. सर्टिफिकेट विकत घेण्यापेक्षा ती नोंद मागणे सोपे, स्वस्त आणि प्रामाणिक.

प्राथमिक आरोग्य केंद्रातला किंवा ग्रामीण रुग्णालयातला केस पेपर सहसा मोडून खिशात जातो, खिशातून धुण्यात जातो. तो जपून ठेवला तर प्राथमिक वर्गांपुरता पुरेसा पुरावा ठरतो. त्यावर तारीख असते, शिक्का असतो, निदान असते. दोन-तीन दिवसांच्या सर्दी-तापासाठी तर डॉक्टरचीही गरज नाही, पालकाची चिठ्ठी चालते. चौथी-पाचवीच्या पोरांना रजेचा अर्ज लिहायला शाळाच शिकवते. खरी वेळ आली की मात्र तो अर्ज कुणी लिहीत नाही. चिठ्ठीत चार गोष्टी याव्यात: मुलाचे नाव आणि इयत्ता, कुठल्या तारखेपासून काय होते आहे, कुठे दाखवले, आणि किती दिवस लागतील याचा अंदाज. लिहिता येत नसेल तर वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नव्हे, वर्गशिक्षकांच्या नंबरवर बोलून पाठवलेला निरोपही चालतो, त्यावर तारीख आणि वेळ आपोआप पडते. ग्रुपवर मुलाचा आजार जाहीर करायला नको. क्षयरोग, फिट येणे, खरूज अशा गोष्टी चाळीस घरांत पोचल्या की पोर बरे होऊन आले तरी त्याच्या शेजारी कुणी बसत नाही.

हे सगळे दुसऱ्या दिवशी करावे, विसाव्या नव्हे. रोजंदारी बुडवून शाळेत जाऊन बसण्याइतकी उसंत अर्धापूरच्या केळीच्या बागेत राबणाऱ्या बाईला नसते, आणि शाळेनेही तशी अपेक्षा धरू नये. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २४ मध्ये शिक्षकाचे एक कर्तव्य स्पष्ट दिले आहे: पालकांच्या नियमित बैठका घेऊन मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता आणि प्रगती त्यांना सांगणे. गैरहजेरीची बातमी शाळेकडून घरी जाणे हाही नियमाचाच भाग आहे. जी शाळा पहिल्या आठवड्यात एक फोन करत नाही आणि महिनाअखेरीस पालकाला बोलावून सर्वांदेखत झापते, तिने आपले काम अर्धेच केलेले असते.

मूल किती दिवस घरी ठेवायचे हा प्रश्न दोन्हीकडून चुकतो. काही घरांत उवा झाल्या म्हणून पोरगी आठवडाभर घरी असते, ज्याची गरज नाही. काही घरांत गोवराचे पुरळ अंगावर असताना पोर वर्गात बसलेले असते. २०२२ च्या हिवाळ्यात मुंबईत गोवंडीपासून गोवर पसरला, तेव्हा राज्यभरच्या शाळांना याची आठवण झाली. पुरळ उठल्यापासून चार दिवस गोवराचे मूल इतरांना आजार देऊ शकते. कांजिण्यांमध्ये सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत थांबावे लागते, त्याला साधारण पाच ते सात दिवस जातात. गालफुगीत सूज आल्यापासून पाच दिवस. जुलाब-उलट्या थांबल्यावर दोन दिवस. साध्या तापात औषधाशिवाय चोवीस तास ताप न आलेला असावा. खरजेचे औषध एकदा नीट लावले, की दुसऱ्या दिवशी शाळेत जाता येते. डेंगी एका मुलाकडून दुसऱ्याला लागत नाही, तो डासातून येतो. तिथे घरी ठेवायचे ते मुलाच्या अशक्तपणासाठी. क्षयरोगाला लोक सर्वांत जास्त घाबरतात, पण लहान मुलांमधला क्षयरोग बहुतेकदा इतरांना लागणारा नसतो आणि योग्य उपचार सुरू होऊन साधारण दोन आठवडे झाले, की डॉक्टरच्या सल्ल्याने मूल वर्गात बसू शकते. सहा महिने औषध चालते म्हणून सहा महिने घरी बसवण्याची पद्धत चुकीची आहे. या काळात पोषणासाठी सरकार दरमहा हजार रुपये खात्यात देते; नोव्हेंबर २०२४ आधी ही रक्कम याच्या निम्मी होती.

२०२३ च्या पावसाळ्यात डोळ्यांची साथ आली, तेव्हा अनेक शाळांनी डोळे लाल दिसले की पोराला दारातूनच परत पाठवले. शाळेने स्वतः घरी पाठवलेले दिवस नंतर गैरहजेरी म्हणून मोजले जाऊ नयेत, असे कुठल्याही समंजस माणसाला वाटेल. अशा वेळी त्याच संध्याकाळी, "आज आपण परत पाठवले, तीन दिवस घरी ठेवतो," असा निरोप सरांना गेलेला असावा.

बरीच गैरहजेरी मुळातून टाळता येण्यासारखी असते, आणि इथे गंमत अशी, की शाळाच दवाखान्यापेक्षा उपयोगी पडते. केनियातल्या बुसिया भागात ७५ शाळांत मुलांना जंताचे औषध दिले गेले. एडवर्ड मिगेल आणि मायकेल क्रेमर या अर्थशास्त्रज्ञांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात गैरहजेरी सुमारे पावपट घटल्याचे दिसले. औषध न घेतलेल्या शेजारच्या मुलांनाही फायदा झाला, कारण गावातले जंतच कमी झाले. भारतात २०१५ पासून १० फेब्रुवारीला राष्ट्रीय जंतनाशक दिन असतो आणि अल्बेंडाझोलची गोळी शाळेतच खायला लावतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात तर महाराष्ट्रात, पालघरला, फेब्रुवारी २०१३ मध्ये झाली. त्या कार्यक्रमाचे फिरते पथक वर्षातून एकदा सरकारी आणि अनुदानित शाळेत येऊन पोरांना तपासते: हृदयातले छिद्र, डोळ्यांचा नंबर, कानाचे दुखणे, रक्तक्षय. पुढचा उपचार मोफत होतो. नेमके वारंवार आजारी पडणारे मूलच त्या दिवशी घरी असते आणि तपासणीतून निसटते. 'पथक कधी येणार' हे सरांना विचारून ठेवणे आणि अंगात कणकण असली तरी त्या दिवशी मुलाला तासाभरासाठी घेऊन जाणे, एवढे पालकाच्या हाती आहे.

नांदेड जिल्ह्याच्या उत्तर टोकाला किनवट आणि माहूर हे तालुके आहेत. गोंड, कोलाम, प्रधान, आंध या जमातींची वस्ती तिथे मोठी, आणि सिकलसेल हा तिथल्या घरांतला आजार. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक वाहिन्यांत अडकतात आणि हाडे पिळवटून काढणाऱ्या वेदना होतात. थंडी, तहान, अतिश्रम, ताप यांपैकी कशानेही झटका येतो. हे मूल महिन्यात चार दिवस अंथरुणात असते आणि पाचव्या दिवशी मैदानात उभे दिसते. न जाणणाऱ्या शिक्षकाला तो कामचुकारपणा वाटतो. पीटीच्या तासाला सूट, हवे तेव्हा पाणी प्यायला परवानगी, लघवीला जाण्याची मुभा, थंडीत बाहेर प्रार्थनेला उभे न करणे, या चार गोष्टींनी त्याचे कितीतरी दिवस वाचतात. १ जुलै २०२३ ला देशात सिकलसेल निर्मूलनाचे अभियान सुरू झाले, पण शाळेच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे तो २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा. त्यातल्या २१ प्रकारांत सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया या तीन रक्तविकारांचा समावेश आहे. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि त्यावरून यूडीआयडी हे ओळखपत्र काढले, की सवलती मागायला विनंतीचा सूर लावावा लागत नाही. दिव्यांगत्व तीव्र असलेल्या मुलांसाठी समग्र शिक्षा योजनेत विशेष शिक्षक घरी येऊन शिकवण्याची सोयही आहे.

टाईप वन मधुमेहाची मुले संख्येने थोडी, त्यांचा त्रास मात्र रोजचा. वर्गात बोटातून रक्त काढून साखर पाहणे, इन्सुलिन टोचणे, तासाच्या मध्येच काहीतरी खाणे, हे सगळे शाळेच्या शिस्तीविरुद्ध दिसते. सीबीएसईने २०१७ मध्ये बोर्डाच्या परीक्षेला साखरेच्या गोळ्या आणि खाऊ सोबत नेण्याची मुभा दिली. २०२३ मध्ये राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने राज्यांना वर्गातही हे करू द्यावे असे कळवले. ते पत्र अजून किती मुख्याध्यापकांच्या टेबलापर्यंत पोचले असेल, कोण जाणे. त्याची छापील प्रत आईने सोबत नेणे वादापेक्षा फलदायी.

आणखी एक गैरहजेरी अशी, जिचे खरे कारण अर्जात कधीच नसते. सातवी-आठवीपासून मुली महिन्यातले दोन-तीन दिवस येत नाहीत आणि चिठ्ठीत 'पोटात दुखत होते' असते. वर्षाचे दहा महिने धरले तर वीस ते तीस दिवस. शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीला वर्षात २२० दिवस शाळा भरावी असे आहे. त्यातले दहा टक्के बुडाले, की इंग्लंड-अमेरिकेतले शिक्षण खाते त्या मुलाला सातत्याने गैरहजर मानून काळजी सुरू करते. मार्च २०१८ मध्ये राज्याने अस्मिता योजनेत जिल्हा परिषद शाळेतल्या मुलींना पाच रुपयांत आठ पॅडचे पाकीट द्यायला सुरुवात केली. पॅड आले तरी बदलायला जागा हवी, स्वच्छतागृहात पाणी हवे, दाराला आतून कडी हवी. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या जागा स्त्रियांच्या, तरी बैठकीत हा विषय निघायला बाईंनाच पुढाकार घ्यावा लागतो.

शिक्षेचा प्रश्न यात सर्वांत गंभीर. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी आहे. तरी खाड्यांसाठी उभे करणे, उठाबशा, पट्टी हे सगळे चालू असते, कारण पालकांनाही त्यात फारसे वावगे वाटत नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये वसईत सहावीतल्या एका मुलीला उशिरा आली म्हणून पाठीवर दप्तर घेऊन शंभर उठाबशा काढायला लावल्याचे प्रकरण पुढे आले. त्यानंतर तिची तब्येत बिघडली आणि उपचार सुरू असताना ती दगावली. तिला आधीपासून श्वासाचा त्रास होता असे तिच्या घरचे सांगत होते. दमा, हृदयाचा त्रास, फिट येणे, कुठल्याही औषधाची ॲलर्जी असे काही असले, तर ते जूनमध्ये प्रवेशाच्या वेळीच लेखी द्यावे आणि त्यावर शाळेची पोच घ्यावी. दरवर्षी वर्गशिक्षक बदलतात, तोंडी सांगितलेले त्यांच्यासोबत जाते.

शिक्षेच्या उलट टोकाला बक्षीस आहे आणि तेही निरुपद्रवी नाही. २६ जानेवारीला 'शंभर टक्के उपस्थिती' म्हणून एखाद्या पोराला पेला किंवा कंपास मिळतो. टाळ्या वाजतात. ज्याला वर्षभर एकदाही ताप आला नाही तो नशीबवान, आणि ज्याला आला तरी जो बक्षिसासाठी येऊन बसला त्याने सगळ्या वर्गाला ताप दिला. कोविडनंतर शाळा उघडल्या तेव्हा 'आजारी मुलांना पाठवू नका' अशी पाटी प्रत्येक फाटकावर होती. दोन वर्षांत पाट्या गेल्या आणि पेले परत आले.

नववी लागली, की सगळा कायदा बदलतो. चौदा वर्षांपर्यंतचे संरक्षण संपते आणि ७५ टक्के हजेरीची अट समोर येते. नांदेड जिल्हा राज्य मंडळाच्या लातूर विभागात मोडतो. आजारपणामुळे हजेरी कमी पडली, तर ती माफ करण्याचा प्रस्ताव शाळेमार्फतच विभागीय मंडळाकडे जातो. पालक थेट जाऊन फारसे काही होत नाही. सीबीएसईत १ जानेवारीपर्यंतची हजेरी धरतात आणि वैद्यकीय कारणाने सूट हवी असेल तर त्यानंतर लगेच शाळेने कागद पाठवायचे असतात. म्हणून दहावीच्या वर्षात केस पेपर, रक्ताचे रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड असे सगळे एका फाइलमध्ये दिवाळीपर्यंत शाळेत पोचलेले हवे. इथे चिठ्ठी चालत नाही. प्रात्यक्षिक किंवा तोंडी परीक्षा आजारपणाने हुकली तर लेखी परीक्षेनंतर 'आऊट ऑफ टर्न' संधी असते. लेखीच हुकली तर जुलैच्या सुमारास पुरवणी परीक्षा आहे. आणि शाळेने हातच झटकले तर सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येते. मराठवाड्यात हा फॉर्म नापासांचा मानतात, पण केमोथेरपी घेणाऱ्या मुलीसाठी तो वर्ष वाचवणारा रस्ता आहे.

याच पट्ट्यात दुसरेही दृश्य दिसते, आणि ते पाहिले की ७५ टक्क्यांविषयीचा आदर जरा ढिला होतो. अकरावी-बारावीची पुष्कळ मुले नाव खेड्यातल्या कॉलेजात घालून राहतात लातूरला किंवा नांदेडला, नीटच्या क्लासच्या वसतिगृहात. कॉलेजचे तोंड त्यांनी प्रवेशाच्या दिवशी पाहिलेले असते. त्यांची हजेरी मात्र भरते. जो खरोखर दवाखान्यात होता त्याच्याकडून शिक्का मागायचा आणि जो क्लासमध्ये होता त्याच्यासाठी रकाने भरायचे, हे पटपडताळणीच्या जिल्ह्याला शोभत नाही.

बोलून भागले नाही तर काय? पायऱ्या ठरलेल्या आहेत. आधी वर्गशिक्षक, मग मुख्याध्यापक, मग शाळा व्यवस्थापन समिती. जिल्हा परिषद शाळेत केंद्रप्रमुखांना एक फोन पुष्कळदा पुरतो, कारण वरून विचारणा व्हावी असे कुणालाच वाटत नसते. संस्थेच्या शाळेत संस्थाचालकांपेक्षा गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज देणे बरे, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय ऑफिसातून निघू नये. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ प्रमाणे स्थानिक प्राधिकरणाने अशा तक्रारीचा निकाल तीन महिन्यांत लावायचा असतो. त्यावर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते. तीन महिने म्हणजे सहामाही संपून जाते, तेव्हा तक्रार चालू असतानाही मुलाला रोज शाळेत पाठवत राहावे. बुडालेल्या आकारिक चाचण्या शिक्षक पुढे कधीही घेऊ शकतात, ती मागणी त्याच अर्जात करावी.

आणि कुणी "दाखला घेऊन जा" असे म्हटलेच, तर आठवीपर्यंतच्या मुलासाठी त्याच कायद्याचे कलम ५ वाचून दाखवावे. सरकारी किंवा अनुदानित शाळेत बदली मागण्याचा हक्क मुलाचा आहे, शाळेला तो दाखला हातात कोंबता येत नाही. बदली हवीच असेल तर मुख्याध्यापकाने टीसी लगेच द्यायची असते, उशीर केला तर त्याच्यावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते, आणि टीसी आली नाही म्हणून नव्या शाळेला प्रवेश अडवता येत नाही.